ऑपरेशन कोणाचं करायचं? कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य सेविका म्हणून माझी नोकरी आधी यवतमाळ जिल्ह्यातल्या उपकेंद्रावर झाली, मग गडचिरोलीत. या विषयावरचे प्रश्न समोर बसून फार कमी जणींनी विचारले. बीपी तपासून होतं, लोहाच्या गोळ्या पिशवीत पडतात, पाय चपलेत सरकतात, आणि मग दाराची चौकट धरून हळूच, "सिस्टर, एक विचारू काय?" पुरुष तर तेवढंही विचारत नाहीत. त्यांच्या शंका बायकोच्या तोंडून येतात. खालचे सगळे प्रश्न असेच दाराशी आलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

ऑपरेशनात नेमकं काय करतात? पिशवी काढतात काय?

नाही. गर्भपिशवीला हातही लागत नाही. पिशवीच्या दोन्ही अंगांना दोन बारीक नळ्या असतात. बीजकोशातून सुटलेलं बीज नळीत येतं आणि पुरुषाचा शुक्राणू त्याला तिथेच गाठतो. ऑपरेशनात फक्त ही वाट बंद करतात. पिशवी जागेवर, बीजकोश जागेवर, पाळीही चालू.

आपल्याकडे बायका दोन नावं घेतात, टाक्याचं आणि दुर्बिणीचं. टाक्याच्या ऑपरेशनात पोटावर लहानसा छेद देऊन नळी बाहेर ओढतात, बांधतात आणि मधला तुकडा कापतात. बाळंतपणानंतर लगेच करतात ते हेच. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात हवा भरून बेंबीजवळून दुर्बीण आत घालतात आणि नळी दुमडून तिच्यावर रिंग चढवतात. त्या हवेमुळे नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, म्हणून बायका घाबरतात. पण ही हवा आपोआप जिरते. खांदा दुखेल हे आधी कोणी सांगितलं असतं तर निम्म्या जणी रात्री रडल्या नसत्या.

माझ्या माणसाचं केलं तर त्याला वावरातलं काम होईल काय?

होईल. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो विचारणारी बाई बहुतेक वेळा स्वतःच्या ऑपरेशनची तारीख ठरवून आलेली असते. तिला कापूस वेचायला कोण जाणार, हे मात्र घरात कोणी विचारलेलं नसतं.

पुरुषाच्या ऑपरेशनला आता चाकू लागत नाही, म्हणून त्याला बिनटाक्याची नसबंदी म्हणतात. ही पद्धत चीनमधले डॉक्टर ली शुनचियांग यांनी १९७४ साली काढली. अंडकोशाच्या कातडीवर भूल देणारं इंजेक्शन देतात, टोकदार चिमट्याने एक बारीक भोक पाडतात, शुक्राणू वाहून नेणारी नस बाहेर काढून बांधतात आणि कापतात. दुसऱ्या बाजूची नसही त्याच भोकातून. दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं. टाका नाही, पोट उघडणं नाही, पूर्ण बेशुद्धी नाही. थोडा वेळ बसवून ठेवतात आणि माणूस चालत घरी जातो.

दोन दिवस आराम, लंगोट किंवा घट्ट चड्डी. आठ दिवस सायकल नको, फवारणीचा पंप पाठीवर नको, पोती उचलणं नको, डवरणीला जाणं नको. थोडी सूज येते, कातडी निळसर दिसते, ती ओसरते. सूज लिंबाएवढी वाढली, ताप आला किंवा पू दिसला, तर मात्र थांबू नका, दवाखाना गाठा.

ताकद कमी होते हा समज घराघरांत बसलेला आहे, म्हणून जरा खोलात सांगते. पुरुषपणाचं संप्रेरक अंडकोशात तयार होतं आणि सरळ रक्तात मिसळतं, ते या नसेतून जातच नाही. त्यामुळे दाढीमिशी, आवाज, इच्छा, ताठरता, सगळं आधीसारखं राहतं. वीर्यही येतं, कारण त्याचा बहुतेक भाग दुसऱ्या ग्रंथींमधून येतो. फक्त त्यात शुक्राणू नसतात. ते अंगातच जिरतात, साठून राहत नाहीत.

तरी पुरुष येत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के जोडप्यांमध्ये बाईचं ऑपरेशन झालेलं होतं आणि ०.३ टक्के जोडप्यांमध्ये पुरुषाचं. याला एक जुनं कारण आहे. आणीबाणीत, १९७६-७७ च्या एका वर्षात, देशात ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या नसबंदी झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी धाकाने झाल्या. आपल्या राज्याने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. तेव्हाचे म्हातारे अजून पारावर त्या गोष्टी सांगतात. भीती खरी होती. पण तो धाक गेला, तंत्र बदललं आणि ऑपरेशनचा भार तेवढा बाईकडे आला तो तिच्याकडेच राहिला.

त्याचं ऑपरेशन झालं आणि तरी मला दिवस गेले. आता लोक मला काय म्हणतील?

हे उत्तर नवऱ्याने आणि सासूने वाचावं.

नस कापली त्या दिवशी पुरुष निर्बीज होत नाही. कापल्या जागेच्या पुढे जे शुक्राणू आधीच असतात ते निघून जायला वेळ लागतो. म्हणून ऑपरेशननंतर पूर्ण तीन महिने निरोध वापरायचा किंवा बायकोने दुसरं साधन घ्यायचं. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करायची, त्यात एकही शुक्राणू दिसला नाही की मगच प्रमाणपत्र मिळतं. ऑपरेशनचे पैसे जमा झाले की बहुतेक पुरुष हे तीन महिने विसरतात, आणि तपासणीला तर शंभर कारणं. लाज वाटते, गाडी नाही, वावरात काम आहे.

एका गावात मी हे पाहिलं आहे. ऑपरेशनला दोन महिने झालेले आणि बाईची पाळी चुकली. घरात जे व्हायचं ते झालं. तिला माहेरी धाडलं, भाऊ भांडायला आले, पंचायत बसायची वेळ आली. मी नवऱ्याला गाडीवर बसवून तपासणीला नेलं. शुक्राणू निघाले. त्याला कोणी तीन महिन्यांचं सांगितलंच नव्हतं. त्याच्या कागदावर ते छापलेलं होतं, पण छापलेलं वाचून कोण दाखवतं? बाई परत नांदायला आली. तिची माफी कोणी मागितल्याचं मला आठवत नाही.

क्वचित असंही होतं की तपासणी स्वच्छ येते आणि पुढे कधीतरी नस आपली आपण पुन्हा जोडली जाते. तेव्हा बायकोवर बोट ठेवण्याआधी नवऱ्याने वीर्य तपासून घ्यावं, इतका साधा हिशेब आहे.

आणि बाईचं ऑपरेशन फेल होतं काय?

होतं, क्वचित. पहिल्या वर्षात हजारात पाच जणींना दिवस जाऊ शकतात. दहा वर्षांचा हिशेब धरला तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हजारामागे साधारण १८ निघाल्या होत्या. पुरुषाच्या ऑपरेशनात पहिल्या वर्षाचा आकडा याहून कमी, हजारात एक-दोन.

ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली तर "आपलं तर झालंय" म्हणून घरी बसू नका. आशाताईकडे निश्चय किट असतो, त्याच दिवशी लघवी तपासा. कारण असा गर्भ पिशवीत न राहता नळीतच राहण्याचा धोका मोठा असतो. नळी फुटली तर पोटातल्या पोटात रक्तस्राव होतो. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, असं असेल तर १०८ ला फोन करा. उद्याच्या एसटीची वाट पाहू नका.

गर्भ पिशवीत असेल आणि नको असेल, तर साधन फेल गेलं हे गर्भपातासाठी कायद्याने मान्य कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, आणि बाई १८ वर्षांवरची असेल तर संमती फक्त तिची लागते. शिवाय शासनाची नुकसानभरपाई असते. ऑपरेशन फेल गेलं तर ६० हजार रुपये, गुंतागुंत झाली तर उपचाराचा खर्च ५० हजारांपर्यंत. ऑपरेशननंतर सुट्टी होऊन सात दिवसांच्या आत मृत्यू झाला तर वारसाला चार लाख. मात्र दिवस गेल्याचं कळल्यापासून ९० दिवसांत अर्ज करावा लागतो. म्हणून ऑपरेशनचा कागद आणि प्रमाणपत्र जपून ठेवा, घराच्या आखिवपत्रिकेसोबत ठेवलं तरी चालेल. मी कितीतरी जणींचे कागद उंदरांनी खाल्लेले पाहिले आहेत.

मला सिकलसेल आहे. माझं ऑपरेशन होते काय?

आपल्या भागात हा प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, घराघरांत आहे.

आधी सिकलसेलच्या तपासणीचं कार्ड काढून पाहा. तुम्ही एएस म्हणजे वाहक असाल तर कुठलंच साधन वर्ज्य नाही, ऑपरेशनही नेहमीसारखं होतं. एसएस म्हणजे रुग्ण असाल तर ऑपरेशन अशक्य नाही, पण ते शिबिरात किंवा लहान दवाखान्यात करू नये. रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी करावं. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली किंवा प्राणवायू कमी पडला तर सिकलसेलचा झटका येऊ शकतो. हिमोग्लोबिनही बघावं लागतं. ते ७ च्या खाली असेल तर कोणाही बाईचं ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि एसएसच्या कितीतरी बाया त्याच आकड्याच्या आसपास फिरतात.

बायको एसएस असेल आणि मुलं पुरेशी झाली असतील, तर ऑपरेशन नवऱ्याचं व्हावं. मी हे पत्नींना सांगून थकले, म्हणून नंतर थेट नवऱ्यांना बोलवायला लागले. तिला भूल, उपास, पोटातली हवा या सगळ्यांतून नेण्यापेक्षा त्याची पंधरा मिनिटं स्वस्त आहेत. काही नवरे ऐकायचे. गोंड पाड्यावरचा एक जण बायकोला रक्त चढताना पाहून आलेला होता, त्याने एक प्रश्नही न विचारता नाव लिहून दिलं.

मुलं अजून हवी असतील तर मधल्या काळासाठी अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन सिकलसेलमध्ये चालतं. आणि दोघंही वाहक असतील तर दर गर्भाला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन चांगलीच होतील, असा याचा अर्थ नाही.

कोणाला करता येते? नवऱ्याची सही लागते काय?

नवऱ्याची सही लागत नाही, आणि पुरुषाच्या ऑपरेशनला बायकोचीही लागत नाही. ज्याचं ऑपरेशन त्याची सही किंवा अंगठा. एकत्र बसून ठरवलं तर उत्तमच, पण "माणसाला घेऊन या, नाहीतर करत नाही" असं कोणी म्हटलं तर तो नियम नाही.

नियम असे आहेत. लग्न झालेलं असावं. बाईचं वय २२ च्या वर आणि ४९ च्या खाली, पुरुषाचं ६० च्या खाली. निदान एक मूल असावं आणि ते वर्षाच्या वरचं असावं. बाळंतपणात लगेच करतात तेव्हा हे वर्षाचं पाहणं मागे पडतं, कारण थोरलं मूल मोठं असतं. तरी माझं मत सांगते. धाकटं एक वर्षाचं होऊ द्या, मेळघाट-भामरागडकडे तर नक्कीच. पहिल्या वर्षात लेकरू दगावल्यावर माझ्यासमोर बसून "आता परत जोडता येते काय" विचारणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

फॉर्म तुम्हाला कळेल अशा भाषेत वाचून दाखवायला हवा. गोंडी, कोलामी, कोरकू बोलणाऱ्या बाईला मराठी फॉर्मवर अंगठा उठवायला लावणं ही संमती नव्हे. सोबत आशाताई असेल तर तिला सांगा, समजावून दे. आणि टेबलावर चढल्यावरही "नको" म्हणता येतं. रेशन बंद होईल, पगार अडेल, असा धाक घालून करणं बेकायदा आहे.

हिवाळ्यातच करावं काय? उन्हाळ्यात टाके पिकतात म्हणतात.

टाके उन्हाने पिकत नाहीत, अस्वच्छतेने पिकतात. हिवाळ्यात रांग लागते ती समजुतीमुळे, आणि मार्चअखेर जवळ आली की आमच्या डोक्यावर ऑपरेशनच्या टार्गेटचे आकडे बसायचे म्हणूनही. तुमचं शरीर कॅलेंडर पाहत नाही. बघायच्या गोष्टी दोनच. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत केलेलं बरं, म्हणजे आधीच गर्भ असण्याची शंका राहत नाही. बाळंतपणानंतर करायचं तर सात दिवसांच्या आत, नाहीतर मग दीड महिना थांबून. दुर्बिणीचं बाळंतपणानंतर दीड महिन्याच्या आत करतच नाहीत. सिझर होणार असेल तर त्याच वेळी होतं, पण संमती आधी, कळा सुरू होण्यापूर्वी घेतलेली असावी.

सोयीचं बघायचं तर वेगळं. कापसाची वेचणी, धानाची रोवणी, मोहफुलाचा आणि तेंदूपानाचा हंगाम, या दिवसांत बाईला आराम मिळणार नाही हे मी लिहून देते. आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. टाके सुटायच्या आत पाणी चढलं तर तुम्ही अलीकडे आणि डॉक्टर पलीकडे.

शिबिरात करू की दवाखान्यात?

दवाखान्यात. जिथे शस्त्रक्रियागृह आहे, रात्री कोणीतरी ड्युटीवर आहे आणि बिघडलं तर गाडी आहे, तिथे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या शिबिरात, एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. दहाहून जास्त जणी दगावल्या. नियमाप्रमाणे एका पथकाने दिवसाला ३० पेक्षा जास्त करायची नसतात. १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत शिबिरांची पद्धत बंद करायला सांगितलं आणि ठरलेल्या दिवशी दवाखान्यात सेवा देण्यावर भर आला. मी नोकरीला लागले तेव्हाच्या एका शिबिरात बायका शाळेच्या फरशीवर ओळीने निजवलेल्या होत्या, सतरंजीही पुरली नव्हती. मी त्यात मदतनीस होते, म्हणून फार मोठ्याने बोलत नाही.

तुम्ही गेल्यावर एवढं पाहा. ऑपरेशनच्या आधी बीपी बघितलं काय? हिमोग्लोबिन, लघवीतली साखर, गर्भ आहे की नाही, हे तपासलं काय? त्यातलं काही न करता टेबलावर घेत असतील तर उठून या. त्या दिवशी सर्दी-खोकला-ताप असेल तर लपवू नका, गाडीभाडं गेलं तरी चालेल.

पैसे किती मिळतात?

महाराष्ट्रात पुरुषाला १४५१ रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला ६०० आणि इतर बाईला २५०. बँकेत जमा होतात, पासबुक आणि आधार सोबत न्या. हे मोबदल्याचे पैसे नाहीत, बुडालेल्या मजुरीचे आहेत, आणि बुडालेली मजुरी याहून जास्त असते. पैशासाठी म्हणून कोणी ऑपरेशन करू नये.

लेक लाडकी योजनेचा यात संबंध येतो. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला, रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर, टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. त्यातल्या पुढच्या हप्त्यांसाठी आई किंवा बापाचं कुटुंब नियोजनाचं प्रमाणपत्र मागतात. आई "किंवा" बाप. अंगणवाडीत चौकशी करा, आणि हा "किंवा" घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवा.

तिसरं झालं तर सरपंचकीला उभं राहता येत नाही, खरं काय?

खरं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर ग्रामपंचायत सदस्य म्हणून अपात्र ठरता. पण निवडणूक जवळ आली म्हणून घाईत बायकोचं ऑपरेशन उरकणारे नेते मला आवडत नाहीत. खुर्ची त्यांची आणि टाके तिचे.

ऑपरेशन झाल्यापासून माझी कंबर दुखते, अंग सुटलं, पाळी जास्त जाते.

दुखतं हे खोटं नाही, पण ऑपरेशनमुळे दुखतं हे तपासून पाहावं लागतं. नळी बंद केल्याने संप्रेरकं बदलत नाहीत, त्यामुळे वजनही त्याने वाढत नाही. तीस-पस्तीस वर्षांची बाई, दोन-तीन बाळंतपणं, डोक्यावर पाणी, दिवसभर वाकून निंदण आणि हिमोग्लोबिन आठ. कंबर दुखणार नाही तर काय होईल? आधी माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर गोळीने पाळी कमी झालेली असते, गोळी थांबली की मूळचा रक्तस्राव परत येतो आणि नाव ऑपरेशनचं होतं. मात्र पाळी आठ दिवसांच्या पुढे चालली, गुठळ्या पडू लागल्या किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेलं, तर त्याचं कारण वेगळं असू शकतं. तपासा.

किती दिवस आराम?

दोन दिवस पूर्ण. मग हलकं काम. जड काम दोन आठवड्यांनी. टाके साधारण सातव्या दिवशी काढतात, तोवर ते कोरडे ठेवा, हळद-राख काही लावू नका. संबंध आठवडाभराने, दुखत नसेल तर. बाळंतपणात केलं असेल तर बाळंतपणाचाच आराम पाळा. अंगावर पाजणं थांबवायचं कारण नाही. ताप, पोट फुगणं, सारखी उलटी, लघवी अडणं, टाक्यातून पू, यातलं एकही दिसलं तर लगेच परत जा. एका महिन्याने किंवा पहिल्या पाळीनंतर दाखवून प्रमाणपत्र घ्या.

परत जोडता येते काय?

कधी कधी येतं. पण यायलाच हवं असं नाही, म्हणून नाही समजूनच ऑपरेशन करा. जोडण्याचं ऑपरेशन आधीपेक्षा मोठं असतं आणि ते मोठ्या रुग्णालयातच होतं. नळीचा किती भाग उरला त्यावर सगळं ठरतं. जोडल्यावरही गर्भ राहीलच असं नाही आणि राहिला तर नळीत राहण्याचा धोका वाढलेला असतो. पुरुषाचं जोडता येतं, पण जितकी वर्षं जास्त तितकी आशा कमी. घरात भांडण चालू आहे, नवरा पिऊन मारतो, लेकरू आजारी आहे, अशा दिवसांत कायमचा निर्णय घेऊ नका. तोवर तात्पुरतं साधन घ्या.

दोन्ही मुलीच आहेत. सासू म्हणते, थांब.

मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूवर ठरतं, तुमच्या बीजात तो फरकच नसतो. ही गोष्ट मी सासूंना सांगते तेव्हा त्या ऐकून घेतात आणि "तरीबी" म्हणतात. तुमची तयारी नसेल तर ऑपरेशन करू नका, पण दरवर्षी बाळंतपणही करू नका. तांबी बसवा. सासूला ती दिसत नाही.

ऑपरेशन नको, पण मूलही नको. मग काय?

तांबी, म्हणजे कॉपर टी. ३८० ए ही दहा वर्षं टिकते. म्हणजे तिसाव्या वर्षी बसवली तर चाळीसपर्यंत काळजी नाही, आणि हवी तेव्हा काढता येते. बाळंतपण झाल्यावर ४८ तासांच्या आतही बसवतात. पहिले काही महिने पाळी थोडी जास्त जाते, म्हणून रक्त फार कमी असेल तर आधी तपासून घ्या. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. त्यात पाळी अनियमित होते किंवा थांबते, ते रक्त कुठे साठत नाही. बंद केल्यावर दिवस राहायला सात-दहा महिने लागू शकतात. छाया गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिचे वार ठरवून घ्या, बाजाराचा वार धरला तर विसरत नाही. निरोध फुकट मिळतो, आणि रोगांपासून वाचवणारं साधन तेवढं एकच आहे. ऑपरेशन झालेल्या जोडप्यालाही एचआयव्हीपासून ऑपरेशन वाचवत नाही.

कटकट नको, पिशवीच काढून टाकू काय?

नको. हे कुटुंब नियोजन नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, तेव्हा सगळ्या राज्याला धक्का बसला. पण आपल्याकडेही पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्यावर "पिशवी सडली, कॅन्सर होईल" असं सांगून तारीख देणारे भेटतात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पस्तिशीत पाळी जाण्याचे सगळे त्रास येतात. अंगाची लाही, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं. कोणी पिशवी काढायला सांगितली तर कागद घेऊन या आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात, नागपूरच्या मेडिकलला किंवा तिथल्याच डागा दवाखान्यात दुसरं मत घ्या. एका आठवड्याने काही बिघडत नाही.

माझं ऑपरेशन झालं. आता दवाखान्यात कशाला येऊ?

कारण आमची यंत्रणा बाईकडे गर्भाच्या निमित्तानेच पाहते. ऑपरेशन झालं की तिचं नाव यादीतून सुटतं. डॉक्टर राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या अंगावर काढत होत्या. तेव्हाची ती कुचंबणा मला अजून ओळखीची वाटते.

पांढरं जाणं थोडं असेल, वास नसेल, खाज नसेल, तर तो आजार नाही. दह्यासारखं, हिरवट-पिवळं, वास येणारं, खाज किंवा ओटीपोटात दुखणं, असं असेल तर औषध आहे, आणि काही वेळा ते नवऱ्यालाही घ्यावं लागतं. तिशी ओलांडली की गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी पाच वर्षांतून एकदा करून घ्या. संबंधानंतर रक्त दिसलं किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर पाच वर्षांची वाट पाहू नका.

ती तपासणी दुखते काय?

नाही. पाळी चालू नसेल त्या दिवशी या. पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं आम्ल लावतात, घरातल्या व्हिनेगरसारखं, आणि मिनिटभर थांबून डाग पांढरा पडतो काय ते बघतात. थोडं चुरचुरतं. साडी नेसून आलात तर सोपं जातं, आणि सोबत जाऊबाईला आणा, तिचीही होऊन जाईल.